पाठवली म्हणजे पोचली का?

कराडचे माझे मामा ७४ वर्षांचे आहेत. गेल्या वर्षी त्यांचा आरोग्यविमा बंद पडला आणि घरात कुणाला पत्ताच नाही. मुदत संपत आल्याचे मेसेज वेळच्या वेळी गेले होते. पण फॉर्म एजंटने भरलेला, आणि मोबाईल नंबरच्या रकान्यात त्याने स्वतःचाच नंबर टाकलेला. हप्त्याच्या तारखेनंतरचे सवलतीचे ३० दिवसही उलटून गेले. मी न्यू जर्सीतून फोन लावत राहिलो, पलीकडून एकच उत्तर, "सर, आमच्याकडून नोटीस गेलेली आहे."

भारतात १ एप्रिल २०२४ पासून विमा पॉलिसी इलेक्ट्रॉनिक स्वरूपातच द्यायची, असा इर्डाईचा, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेचा, नियम आहे. कागद हवा असेल तर मागून घ्यायचा. यावरून आमच्या घरच्या ग्रुपवर दोन तट पडले. माझ्या भाच्याचं म्हणणं, कागदाचे दिवस गेले. ते मला पटतंही. माझी जुनी पॉलिसी पुण्यातल्या भाड्याच्या खोलीच्या पत्त्यावर होती. ईमेल नसता तर तिची पत्रं कुणा अनोळखी माणसाच्या दारात पडून राहिली असती. परदेशात राहणाऱ्याला ई-नोटीस हा मोठाच आधार आहे.

पण अमेरिकेने २००० साली 'ई-साइन' कायदा केला तेव्हा कागदाऐवजी इलेक्ट्रॉनिक नोंद चालेल, ही मोकळीक देतानाच काही गोष्टी बाजूला काढल्या. कायद्याने जी माहिती लेखी द्यायची, ती ईमेलने पाठवायला ग्राहकाची संमती आधी हवी. आणि ती अशा रीतीने घ्यायची, की त्याला ती माहिती खरोखर उघडता येते हे दिसावं. शिवाय आरोग्यविमा किंवा आयुर्विमा रद्द होत असल्याची नोटीस, पाणी-वीज तोडण्याची नोटीस, राहतं घर जप्त होण्याची नोटीस या मोकळिकीतून वगळल्या. इथेही सगळं आलबेल नाही. गाडीच्या विम्याला हे कवच नाही, तिथे राज्यागणिक वेगळा कायदा. तरी ज्या नोटिशीने माणूस उघड्यावर येऊ शकतो ती वेगळी धरायची, एवढी जाण त्यात आहे.

आपल्याकडे मला हीच जाण हवी आहे. पॉलिसीची प्रत, पावत्या, बोनसचं पत्रक खुशाल ईमेलने पाठवा. पण विमा बंद पडणार असेल तर कागद घरी आला पाहिजे, आणि तो मराठीत असला पाहिजे. फसवणुकीच्या भीतीने आपणच म्हाताऱ्या माणसांना रोज बजावतो, अनोळखी लिंकला हात लावू नका. ती शिकवण ते इमानाने पाळतात. मग खरी नोटीसही लिंकमधूनच आली तर त्यांनी काय करावं? आणि नंबर ग्राहकाचाच आहे ना, याची खात्री करणं हे कंपनीचं काम आहे, ७४ वर्षांच्या माणसाचं नव्हे.

मामांनी आता नवी पॉलिसी घेतली आहे. फॉर्मवरचा नंबर मी व्हिडिओ कॉलवर त्यांच्याकडून एकेक आकडा वाचून घेतला. मधुमेहासाठीची तीन वर्षांची प्रतीक्षा, म्हणजे त्या आजाराचा खर्च विम्यातून न मिळण्याचा काळ, मात्र पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू झाली आहे.