एक दौरा की तीन सहली?

परवा कंपनीच्या कॅन्टीनला आमच्या क्वालिटी डिपार्टमेंटच्या पोरानं मला टोकलं, काका तुम्ही अजून क्रिकेटचा दौरा दौरा काय करता, दौरा राहिलाय कुठं आता, टी-ट्वेंटीची टीम वेगळी, वनडेची वेगळी, टेस्टची वेगळी, जातात खेळतात येतात, संपला विषय. पोहे गार होत होते आणि ब्रेकची सात मिनिटं उरली होती म्हणून तेव्हा नीट भांडता आलं नाही. आज सुट्टी आहे, सविस्तर लिहितो. पोस्ट मोठी होणार, कंटाळा आला तर सरळ खाली जाऊन लाईक ठोका.

माझं म्हणणं एवढंच की तीन फॉर्मॅटला तीन टीम करा, कॅप्टनही तीन करा, माझी ना नाही, पण परदेशात गेलात ना की सगळे एकत्र राहा. एक सिरीज संपली की निम्म्यांना विमानात बसवून घरी आणि नवे निम्मे तिकडे, हे बंद करा. कारण तिसऱ्या मॅचला कोणाचा गुडघा जाणार हे ना सिलेक्टरला माहीत असतं ना कोणाला, आणि त्या दिवशी कामाला येतो तो महिनाभर तिथंच नेटमध्ये राबत असलेला माणूस.

साऊथ आफ्रिकेचं २०२३ चं घ्या. टी-ट्वेंटीला सूर्या कॅप्टन, वनडेला राहुल, टेस्टला रोहित, एका महिन्याच्या आत तीन कॅप्टन. टी-ट्वेंटी १-१, वनडे आपण २-१ जिंकलो, टेस्ट १-१, म्हणजे कागदावर तक्रारीला जागा नाही. पण वनडेत अर्शदीपनं काय केलं आठवतंय का, पहिल्या मॅचला पाच विकेट, शेवटच्या मॅचला चार, तीन मॅचमध्ये दहा विकेट आणि मॅन ऑफ द सिरीज, आणि टेस्टच्या टीममध्ये तो नाहीच! टीम आधीच ठरलेली ना. मग सेंच्युरियनला काय झालं, त्यांच्या एल्गरनं १८५ ठोकले, बुमराह एका बाजूनं एकटा झुंजला, शार्दूलनं शंभरच्या वर रन देऊन एक विकेट काढली, प्रसिधची पहिलीच टेस्ट, त्यालाही नव्वदच्या वर देऊन एकच, आणि आपण तीन दिवसांत इनिंगनं हरलो. आता कोणी म्हणेल वनडेचा पांढरा बॉल वेगळा, टेस्टचा लाल वेगळा. मान्य. पण हवा तीच, जमीन तीच, आणि माणूस लयीत होता राव! पुढची केपटाऊनची टेस्ट ६४२ बॉलमध्ये आटोपली, सिराजनं १५ रनमध्ये ६ काढले, मग आपल्याही शेवटच्या सहा विकेट १५३ वर एकही रन न करता पडल्या. म्हणजे दीड दिवसाच्या टेस्टसाठी हजारो किलोमीटरचा प्रवास. जिंकलो म्हणून सगळे गप्प.

आता उलटं उदाहरण, २०२०-२१ चं ऑस्ट्रेलिया. यावर मी रात्रभर बोलू शकतो, घरचे उठून जातात.

करोना होता, क्वारंटाईन होतं, एकदा आत गेला की मध्येच माणूस मागवणं अवघड, म्हणून नाईलाजानं सगळा लवाजमाच नेला. करोनाचे उपकार म्हणायला जीभ रेटत नाही पण झालं ते असं. आधी वनडे, २-१ हरलो. मग टी-ट्वेंटी, २-१ जिंकलो, त्यात ती कॅनबेराची मॅच, जडेजाला हेल्मेटवर बॉल बसला आणि डोक्याला मार लागला की बदली माणूस घेता येतो त्या नियमानं त्याच्या जागी चहल येऊन तीन विकेट घेऊन मॅन ऑफ द मॅच झाला, समोरच्यांची नुसती चिडचिड. मग ॲडलेडला गुलाबी बॉलची डे-नाईट टेस्ट. त्या शनिवारी सकाळी मी भाजी आणायला गेलो, जाताना १५ ला १, मनात म्हटलं ठीक आहे, लीड आहे आपल्याकडे. मेथी निवडून जुडी घेईस्तोवर पंधरावरच पाच. मला वाटलं ॲप अडकलं. शेवटी सगळे मिळून ३६, एकाचाही दोन आकडी स्कोअर नाही, वर शमीचा हात गेला. मेथी तशीच पिशवीत राहिली दुपारपर्यंत, त्यावरूनही बोलणी खाल्ली.

कोहली बायकोच्या बाळंतपणासाठी घरी आला, बरोबरच केलं त्यानं. आणि कॅप्टन झाला आपला रहाणे. आपला म्हणजे संगमनेर तालुक्यातला हो, नाशिक-पुणे रोडवर बस थांबते तिथला, आम्ही नाशिकवाले हक्कानं शेजारी म्हणणार. मेलबर्नला ११२. जडेजाच्या कॉलवर रनआऊट झाला तरी जाताना त्याचीच पाठ थोपटून गेला. ॲडलेडला ह्यानंच कोहलीला रनआऊट केलं होतं, ते आठवत असणार त्याला. मॅच जिंकलो. सिडनीला विहारीची मांडी आणि अश्विनची पाठ गेलेली तरी दोघांनी शेवटच्या दिवसाचा उरलेला खेळ खेळून काढला.

आणि मग गॅबा, ब्रिस्बेनचं ग्राउंड. शमी, उमेश, राहुल, जडेजा, विहारी, अश्विन, बुमराह, सगळे दुखापतीनं बाहेर. खेळणारे पाच बॉलर मिळून आधीच्या टेस्ट किती? चार! सिराजच्या दोन, सैनीची एक, शार्दूलची एक आणि ती पण कशी, दहा बॉल टाकून लंगडत बाहेर गेलेला. नटराजन आणि वॉशिंग्टन, दोघांची पाटी कोरी. आता बघा, नटराजन ऑस्ट्रेलियाला गेला होता कशाला, नेट बॉलर म्हणून. त्याच दौऱ्यात वनडे खेळला, टी-ट्वेंटी खेळला, टेस्ट पण खेळला. वॉशिंग्टन टी-ट्वेंटीसाठी गेलेला, सिरीज संपल्यावर त्याला नेटमध्ये बॉलिंग टाकायला ठेवून घेतला, तीन वर्षं लाल बॉलची मॅच नाही. पहिल्या इनिंगला दोघांनी तीन-तीन विकेट काढल्या. १८६ ला ६ असताना वॉशिंग्टन आणि पालघरचा शार्दूल उभे राहिले, शार्दूलनं खातंच कमिन्सला सिक्स मारून उघडलं, १२३ ची पार्टनरशिप. नटराजन आणि वॉशिंग्टन टी-ट्वेंटी झाल्यावर घरी परतले असते तर? त्यांच्या जागी मुंबईहून कोणीतरी नवा गेला असता, आधी चौदा दिवस हॉटेलच्या खोलीत बसला असता.

शेवटच्या दिवशी, मंगळवार, माझी फर्स्ट शिफ्ट. जानेवारीची थंडी, पहाटे टीव्हीवर दोन ओव्हर बघून कानटोपी घालून बस पकडली. आमच्याकडे फोन गेटवर जमा करावा लागतो, आत स्कोअर कळायची सोय नाही. पण फोर्कलिफ्टवाला डिस्पॅचला जाऊन यायचा आणि प्रत्येक खेपेला चलनाच्या पाठीमागे पेननं स्कोअर लिहून आणायचा. गिल ९१ आऊट. पुढच्या चलनावर पुजारा अजून आहे, अंगावर बॉल खातोय. जेवण झालं, परत मशीनवर. एकाच्या दरम्यान चलन नाही, काही नाही, आणि अचानक केबिनमधून सुपरवायझर साहेबच ओरडत बाहेर आले, पंतनं मारला, पंतनं मारला! म्हणजे हे बाबा आत बसून फोनवर बघत होते. त्या दिवशी कोणी काही बोललं नाही. १९८८ पासून ऑस्ट्रेलिया त्या ग्राउंडवर टेस्ट हरलेली नव्हती.

जुनी माणसं म्हणतील आमच्या वेळी दौरा म्हणजे महिनोन् महिने. खरंय. बापू नाडकर्णी, जन्म नाशिकचाच, १९६४ ला मद्रासला सलग २१ मेडन, म्हणजे एकही रन न दिलेल्या ओव्हर, टाकणारे, ३२ ओव्हर २७ मेडन ५ रन, ते १९६७-६८ च्या टीममध्ये होते. ऑस्ट्रेलियात चारही टेस्ट हरून तीच टीम तिथून न्यूझीलंडला गेली आणि ३-१ नं जिंकली, परदेशात जिंकलेली आपली पहिली टेस्ट सिरीज, वेलिंग्टनला बापूंच्या ४३ रनमध्ये ६ विकेट. नाशकात किती पोरांना माहितीय? गोल्फ क्लबवर नेट लावणाऱ्या पोरांना विचारून बघा एकदा. आता कॅन्टीनवाला पोरगा गुगल करून म्हणेलच, काका त्याच दौऱ्यात जयसिंहा मागून विमानानं गेला आणि उतरल्या उतरल्या ब्रिस्बेनला ७४ आणि १०१ मारले त्याचं काय. हो मारले. जयसिंहा होता तो. आणि टेस्ट ३९ रननी हरलोच की.

माझा सगळा अनुभव म्हणाल तर कॉलेजला असताना क्लबचा धुळे-जळगाव दौरा. एसटीनं गेलो, एका शाळेच्या हॉलमध्ये सतरंजीवर मुक्काम, दोन मॅच चाळीस ओव्हरच्या आणि एक दोन दिवसांची. मी चौदावा. काम काय तर नेटमध्ये बॉलिंग टाकणे आणि रोज सकाळी मॅट अंथरून खिळे ठोकणे. चार दिवस ठोकून ठोकून मला पाठ झालं होतं की एका बाजूला ऑफ स्टंपच्या बाहेर मॅटला वळी पडते, कितीही ताणा, खिळा तिथं धरत नाही, खाली मुरूम भुसभुशीत. शेवटच्या मॅचच्या आदल्या रात्री आमच्या ऑफस्पिनरनं शेवभाजीवर उभा-आडवा हात मारला आणि सकाळी तो मैदानाऐवजी दुसरीकडेच ड्युटीवर. मला घेतलं. नऊ ओव्हर, ३८ रन, एक विकेट. पण ती विकेट वळीवरची होती! बॉल टप्पा पडून असा उडाला की बॅट्समननं मॅटकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

एक गोष्ट मात्र पोराच्या बाजूनं मान्य करतो. एकत्र राहण्याची किंमत असते. सिराज ऑस्ट्रेलियात असताना त्याचे वडील गेले आणि तो तिथंच थांबला. नटराजनला मुलगी झाली तेव्हा तो आयपीएलला यूएईत, तिथून थेट ऑस्ट्रेलिया, लेकीचं तोंड बघायला जानेवारी संपत आला. हे कोणाकडून मागणं सोपं नाही, आमच्याकडे दोन महिने पुण्याच्या प्लांटला पाठवतात तर घरी महाभारत होतं. तर मग घरच्यांनाही न्या, दौऱ्यात आठ दिवसांची सुट्टी ठेवा, बोर्डाकडे पैशाची कमी आहे का? सगळ्यात आधी त्या साईड मॅच, म्हणजे दौऱ्यातल्या सरावाच्या मॅच, परत आणा, आपल्या आपल्यात वाटून खेळलेल्या नाही, तिथल्या खऱ्या टीमबरोबरच्या. टी-ट्वेंटीवाले नेटमध्ये थांबतील, टेस्टवाले टी-ट्वेंटी चालू असतानाच साईड मॅच खेळतील, एकाच हॉटेलात जेवतील. अर्शदीप सेंच्युरियनला खेळला असता की नाही माहीत नाही, निदान ड्रेसिंग रूममध्ये तरी असता.

असो. सोमवारी सेकंड शिफ्ट आहे, कॅन्टीनला भेटूच. पोरा, उत्तर तयार ठेव, आणि चहा तुझ्याकडे, मागच्या वेळचे पण तूच बाकी आहेस.