मराठी प्रबंध कोणत्या फाइलमध्ये लिहावा?

विद्यार्थ्यांनी मुक्त (कोणालाही वापरता, बदलता आणि वाटता येणारे) सॉफ्टवेअर का वापरावे, याचे उत्तर देताना बहुतेक जण पैशाचा मुद्दा पुढे करतात. मला तो दुय्यम वाटतो, कारण वसतिगृहात चोरीची प्रत कोणालाही मिळते आणि शिक्षण चालू असेपर्यंत सवलतीचा परवानाही पुष्कळदा मिळतो. मराठीतून संशोधन करणाऱ्याने खरी काळजी करावी ती आपला मजकूर कोणत्या स्वरूपात साठवला जातो याची, कारण बंदिस्त स्वरूपाची किंमत मराठीने एकदा मोजलेली आहे.

युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारे जागतिक मानक. त्याच्या १९९१ मधल्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती. तरीही त्यानंतर कितीतरी वर्षे आपली पुस्तके, मासिके आणि प्रबंध श्रीलिपी, आयएसएम, कृतिदेव यांच्या युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्येच टंकित होत राहिले. या जुन्या फॉन्टमध्ये संगणकाच्या लेखी मजकूर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचाच असतो, फॉन्ट त्यांच्या जागी केवळ देवनागरी आकार दाखवतो. कृतिदेवमध्ये रोमन ‘डी’च्या जागी ‘क’ उमटतो, आणि ऱ्हस्व वेलांटी कागदावर आधी दिसते म्हणून ती व्यंजनाच्या आधीच साठवली जाते. फॉन्ट नसला की उरते ती निरर्थक अक्षरांची रांग. शिवाय प्रत्येकाची जुळणी निराळी. रूपांतर करणारी साधने आहेत, पण जोडाक्षरे आणि रफार यांच्यासाठी सगळा मजकूर पुन्हा डोळ्यांखालून घालावाच लागतो. अशा फॉन्टमधल्या प्रबंधाची पीडीएफ छान दिसते, मात्र तिच्यात ‘तुकाराम’ शोधायला जावे तर एकही उल्लेख सापडत नाही.

युनिकोडने अक्षरांचा प्रश्न सोडवला; फाइलचा प्रश्न राहिला. लिबरऑफिस हे मुक्त लेखन-सॉफ्टवेअर ज्या ओडीएफ या खुल्या स्वरूपात लिहिते, त्याला २००६ मध्ये आयएसओ या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या मानकाचा दर्जा मिळाला. ओडीएफमधली मजकुराची फाइल म्हणजे ओडीटी, आणि ती खरे तर एक झिप, म्हणजे अनेक फाइलींचे गाठोडे असते. ती उलगडली की आतल्या एक्सएमएल (खुणा घातलेल्या साध्या मजकुराच्या) फाइलमध्ये आपली मराठी वाक्ये साध्या संपादकातही वाचता येतात. उद्या लिबरऑफिस बंद पडले तरी ती वाक्ये कुठे जाणार नाहीत. मायक्रोसॉफ्ट वर्डचे डॉक्स स्वरूपही आतून झिपच आहे आणि २००८ पासून तेही आयएसओ मानक आहे, हे मान्य करायलाच हवे. पण त्याचे मूळ विनिर्देश सुमारे सहा हजार पानांचे होते आणि भारताने त्याच्या विरोधात मत दिले होते. एवढे अवाढव्य मानक दुसऱ्या कोणी पूर्णपणे अमलात आणावे, ही अपेक्षा मला तरी भाबडी वाटते.

अडचणी आहेत. मार्गदर्शक डॉक्समध्ये शेरे लिहून पाठवतात, आणि फाइल इकडून तिकडे करताना तक्ते व पृष्ठक्रमांक हलतात. मराठी शुद्धलेखन तपासणीवर तर फारसे विसंबून राहता येत नाही. म्हणून मूळ प्रत ओडीटीमध्येच ठेवावी आणि मार्गदर्शकांसाठी तेवढी डॉक्स काढावी. वर्डमध्ये २००९ सालापासून ओडीटी उघडता येते, हे त्यांना सांगून पाहायलाही हरकत नाही. संदर्भांच्या नोंदी ठेवण्यासाठी झोटेरो हे मुक्त सॉफ्टवेअर आहे. फॉन्ट म्हणून मुक्ता किंवा आयआयटी मुंबईचा शोभिका घेतला, तर तो फाइलसोबत दुसऱ्याला देण्यात परवान्याची आडकाठी नाही. लिबरऑफिस शिकायचे असेल तर आयआयटी मुंबईच्याच स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे छोटे पाठ मराठीतही ऐकता येतात.

आमच्या विद्यापीठाच्या नियमावलीत प्रबंधाच्या फॉन्टचे नाव, आकार, समासाची रुंदी, बांधणीचा रंग इतके सगळे दिलेले आहे. मजकूर युनिकोडमध्ये असावा, असे मात्र कुठेही म्हटलेले नाही. ती अट घालायला एक ओळ पुरेल. आणखी एका ओळीत पीडीएफसोबत मूळ ओडीटी फाइलही ग्रंथालयात जमा करण्याची अट घालावी, कारण देवनागरी पीडीएफमधून मजकूर उचलताना युनिकोड असूनही जोडाक्षरे अनेकदा तुटतात, आणि नंतरच्या संशोधकाला उताऱ्यासाठी पुन्हा टंकन करत बसावे लागते.