ओढाळ गाडी

ओढाळ ढोराच्या गळ्यात लोढणं बांधतात. ओढाळ गाडीच्या नेमकं कुठे बांधायचं, तेवढं मला तीन आठवड्यांत कोणी सांगितलं नाही. बाकी सगळं सांगितलं.

गाडी पांढरी, दहा वर्षांची, सेकंडहँड. विकणारे गृहस्थ म्हणाले, "एकदम मख्खन आहे, भाऊ." ट्रायल आम्ही सक्करदऱ्याच्या बाजाराच्या गर्दीत घेतली. तिथे वीस फूट सरळ रस्ता कोणाच्याच नशिबात नसतो, त्यामुळे मख्खन कुठल्या बाजूला वितळतं ते कळलं नाही. कळलं दुसऱ्या दिवशी वर्धा रोडवर. नाक खाजवायला स्टिअरिंगवरचा हात जरा सैल केला, तर गाडी शांतपणे डावीकडच्या रसवंतीकडे निघाली.

बायको म्हणाली, "रस प्याचा होता तं सांगाचं ना."

नागपुरात कुणाचं पोट दुखलं तर चार लोक औषध सांगतात. गाडी दुखली की चाळीस. शेजारच्या काकांनी पहिल्या दिवशीच निकाल दिला, "लेफ्टलाच जाऊन राहिली ना? मग गाडी चांगली आहे, रोड तसाच हाये." हे पटण्यासारखं होतं. पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता असतो, आणि आपण चालतो डावीकडून. म्हणजे थोडीफार डावी ओढ प्रत्येक गाडीला असतेच. खात्री करायला एका लॉनच्या सपाट पार्किंगमध्ये गेलो. लग्नाची तारीख नव्हती, चौकीदार ओळखीचा निघाला. स्टिअरिंग सरळ करून हात अलगद उचलले. गाडी आचाऱ्याच्या भट्टीकडे वळली. चौकीदार म्हणाला, "साहेब, आज जेवण नाही."

मग हवा. भर दुपारी पंक्चरवाल्याकडे गेलो. दोन टायरांत 35 निघाली, दोघांत 34. तो म्हणाला, "जास्त आहे, सोडून देऊ?" सोडली. दुसऱ्या दिवशी पहाटे घरच्या गेजने पाहिलं तर चारही टायर मलूल. मे महिन्यात डांबरावर तापलेल्या टायरातली हवा फुगलेली असते. ती मोजायची थंड टायरात, सकाळी, गाडी फिरवायच्या आधी. मी ती पुन्हा भरली, चारही चाकांत सारखी 30. गाडी पुन्हा डावीकडे, आता फक्त जास्त उत्साहाने.

अलाइनमेंटच्या दुकानात मात्र थाट होता. चाकांना चिमटे, पडद्यावर चार चाकं, काही आकडे हिरवे, काही लाल. पोरगं खाली वाकून टाय रॉड फिरवत होतं आणि लाल आकडे एकेक करून हिरवे होत होते. परीक्षेचा निकाल लागावा तसा मी पाहत होतो. एक आकडा शेवटपर्यंत लालच राहिला. "तो कॅम्बर आहे. या गाडीत तो नाही होत. फक्त टो होते." कॅम्बर म्हणजे चाकाचा उभा कल, टो म्हणजे चाकाचं नाक आत-बाहेर वळलेलं असणं.

"मग गाडी सरळ जाईल?"

"स्टिअरिंग सरळ राहील."

या वाक्यातली गोम मला घरी पोचल्यावर समजली. टो बिघडला की टायर झिजतात, स्टिअरिंग वाकडं बसतं. पण गाडी ओढायला बहुतेक वेळा टो एकटा पुरत नाही. म्हणजे आधी स्टिअरिंग वाकडं धरून डावीकडे जात होतो, आता सरळ धरून डावीकडे जात होतो. प्रिंटआउट मी अजून जपून ठेवला आहे. माझ्या कुठल्याच मार्कशीटवर इतकं हिरवं नव्हतं.

त्या रविवारी काटोलहून मामाजी आले. त्यांनी उभ्या जन्मात स्टिअरिंग धरलेलं नाही, पण बंडी चाळीस वर्षं हाकली. गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाले, "जवाईबुवा, जो बैल माघारते ना, बंडी त्याच्याकडे जाते. तुमचा डावा बैल माघारून राहिला." मी हसलो, पण हसण्यासारखं काही नव्हतं. ब्रेकच्या कॅलिपरची पिन जाम झाली की पॅड चाकाच्या डिस्कला घासत राहतो, ते चाक मागे राहतं आणि गाडी तिकडे वळते. तपासायचं कसं, तर ब्रेक फारसा न दाबता दहा किलोमीटर चालवायची आणि दोन्ही पुढच्या रिमांजवळ हात न्यायचा. एक जास्त तापलेली असली, तर चोर तोच. आता मे महिन्यात नागपुरात हाताला गरम न लागणारी वस्तू दाखवा. म्हणून पहाटे पाचला आम्ही दोघं सिव्हिल लाइन्सच्या रुंद रस्त्यावरून फेऱ्या मारत होतो आणि दर फेरीला उतरून चाकांजवळ तळवे धरत होतो. मॉर्निंग वॉकवाल्या एका आजींनी नवी गाडी समजून चाकाला नमस्कार केला. दोन्ही बैल सारखेच थंड निघाले.

शेवटी कॉटन मार्केटच्या मागचा म्हातारा मिस्त्री. त्याने बॉनेट उघडलंच नाही. विचारलं एवढंच, "ब्रेक मारल्यावर ओढते, का पिकअप देताना, का सगळ्याच वेळी?"

"सगळ्याच वेळी."

"हौ."

जॅक लावला, चाक वर-खाली धरून हलवलं, लोअर आर्मच्या बुशला टामी लावून पाहिली. काही सैल नव्हतं. मग पुढची दोन्ही चाकं काढली, डावं उजवीकडे, उजवं डावीकडे लावलं आणि म्हणाला, "आता पाहून या."

चौकापर्यंत गेलो. गाडी उजवीकडे ओढायला लागली. मला रडू यायचं बाकी होतं. मिस्त्री मात्र लॉटरी लागल्यासारखा खूश. "टायर आहे! चाकाबरोबर ओढ बी तिकडं गेली न!" त्याने चहाचा रिकामा ग्लास बाकड्यावर आडवा लोळवला. ग्लास सरळ न जाता वळत वळत बुडाच्या बाजूला गेला. "हे असं. आतला पट्टा वाकडा बसला, तर टायर वरून गोल दिसते अन् चालते ग्लासासारखी. हवा भरा, नाही तर अलाइनमेंट करा, ग्लास तो ग्लासच."

मग खाली बसून त्या टायरवरचा नंबर पाहिला. बाकी तिघांवर शेवटचे चार आकडे 2822, म्हणजे 2022 चा अठ्ठाविसावा आठवडा. याच्यावर 0917. विकणाऱ्यांनी "चारही टायर सारखे" म्हटलं होतं. चारही काळे होते, हे खरं.

मिस्त्रीने दीडशे रुपये घेतले. त्याआधी बाकीच्यांना मिळून दोन हजार गेले होते. पुढे नवा टायर टाकला. जुना भंगारात द्यावा असं माझं मत होतं, पण नक्षी शाबूत असलेला टायर फेकवणारं काळीज आमच्या घरात नाही. तो स्टेपनी म्हणून डिक्कीत गेला.

दीड महिना गाडी रुळावरून चालल्यासारखी चालली. मग उमरेड रोडवर पुढचं उजवं चाक पंक्चर झालं. घामाने निथळत स्टेपनी लावली, निघालो, आणि नाक खाजवायला हात सैल केला.

बायको म्हणाली, "अहो, रसवंती तं डावीकडे आहे."