घरबसल्या गुन्हेगार व्हा

गुन्हेगारी हा कष्टाचा धंदा आहे. रात्रीची जागरणं, भिंतीवरून उड्या, साथीदारांचे रुसवेफुगवे, आणि वाटणीच्या वेळची भांडणं वेगळीच. सकाळची लोकल पकडणाऱ्या, सोसायटीचा मेंटेनन्स वेळेवर भरणाऱ्या आणि सिग्नलला (हवालदार उभा असेल तर) थांबणाऱ्या तुमच्या-आमच्यासारख्यांना हे झेपायचं नाही. त्यामुळे मध्यमवर्गीय माणूस या क्षेत्रात कायम मागे राहिला. आता ती अडचण उरलेली नाही. फसवणुकीचा गुन्हा, परराज्यातल्या पोलीस ठाण्याची नोटीस, गोठवलेलं बँक खातं, हे सगळं हल्ली बसल्या जागी मिळतं. अंगमेहनत दुसरा कुणीतरी करतो, तुमचं फक्त नाव लागतं.

सुरुवात आधार कार्डाच्या झेरॉक्सपासून करा. सढळ हाताने वाटा. गणपतीपुळ्याला लॉजवर उतरलात, द्या. भाड्याच्या घराचा एजंट म्हणाला, 'व्हॉट्सअ‍ॅप करून ठेवा', तर पुढून-मागून दोन्ही बाजू पाठवा आणि न मागता पॅनही जोडा. घर मिळालं नाही तरी फोटो त्याच्याकडे राहू द्या, परत कुठे मागत बसता! झेरॉक्सच्या दुकानात एखादी प्रत काळी आली तर ती तिथल्याच टोपलीत सोडून या. काही नतद्रष्ट लोक प्रत देताना तिच्यावर आडवी रेघ मारतात, 'फक्त लॉजच्या नोंदीसाठी' असं लिहितात आणि खाली तारीख टाकतात. वर काउंटरवरच्या पोराला 'हे कुठे ठेवणार?' असं विचारतात. मागे रांग खोळंबते, बायको चुळबुळते. ही माणसं आयुष्यभर निर्दोष राहतात आणि तशीच मरतात.

झेरॉक्स देताना मनात शंका आलीच, तर सरकारकडे बघा. २७ मे २०२२ रोजी आधार प्राधिकरणाच्या बंगळूरुच्या कार्यालयाने पत्रक काढलं की आधारची प्रत कुणालाही देऊ नका, गैरवापर होऊ शकतो. द्यायचीच तर शेवटचे चारच आकडे दिसणारं 'मास्क्ड आधार' द्या. २९ मे रोजी ते पत्रक मागे घेतलं. लोकांचा गैरसमज होईल म्हणे. नेहमीचं तारतम्य बाळगा, एवढं पुरे. म्हणजे या देशात आधारच्या झेरॉक्सबद्दल अधिकृत काळजी दोन दिवस वाहिली गेली, आणि त्या दोन दिवसांत लॉजवाल्याने कुणाला बिनआधारची खोली दिल्याचं माझ्या तरी कानावर नाही.

पुढची पायरी सिमकार्डाची. रस्त्याच्या कडेला छत्री लावून बसलेला मुलगा बोट मशीनवर ठेवायला सांगतो. ठेवा. तो म्हणतो, 'काका, लागलं नाही, परत ठेवा.' परत ठेवा. 'सर्व्हर स्लो आहे, आणखी एकदा.' हरकत नाही. कधीकधी सर्व्हर खरंच स्लो असतो. कधीकधी मात्र पहिल्या ठशावर तुमचं सिम निघालेलं असतं आणि दुसऱ्या ठशावर तुमच्याच नावाचं आणखी एक, ज्याचा नंबर तुम्हाला थेट पोलीस सांगतात. एका माणसाला नावावर नऊ सिम ठेवता येतात (जम्मू-काश्मीर, आसाम आणि ईशान्येकडे सहा). तुम्ही दोन वापरता, बाकीच्या जागा नुसत्या पडून असतात. नऊच्या पुढे गेलात तर २०२३च्या दूरसंचार कायद्यात पहिल्या वेळी ५० हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. दहावं सिम कुणीही काढलेलं असो, यादीत नाव तुमचं असतं.

एवढं झालं की तुम्ही वाट बघायची. मधल्या काळात तुमच्या नावाची प्रगती जोरात होते. जो धंदा काढायला तुम्ही वीस वर्षं घाबरलात, तो त्याने आठवड्यात काढलेला असतो: भंगाराची किंवा लोखंडाची फर्म, प्रोप्रायटर तुम्ही, जीएसटी क्रमांकासह. उलाढाल अशी की नातेवाइकांना कळलं तर उसने मागायला येतील. या उद्योजकतेला देशात तोटा नाही. १६ मे ते १५ जुलै २०२३ या दोन महिन्यांत जीएसटी खात्याने बोगस नोंदण्यांविरुद्ध मोहीम काढली तेव्हा २१ हजारांवर संस्था जागेवर सापडल्याच नाहीत, आणि संशयित करचुकवेगिरी २४ हजार कोटींच्या घरात निघाली. त्यातल्या अनेकांच्या कागदांवर कुणातरी गवंड्याचं, शिवणकाम करणाऱ्या बाईचं, कॉलेजातल्या पोराचं नाव असतं. रोजंदारीवरच्या माणसाच्या दारात कोट्यवधींच्या करवसुलीची नोटीस आली, ही बातमी आपण दर थोड्या महिन्यांनी वाचतो, हसतो आणि पान उलटतो.

घरच्या मैदानावरचं उदाहरण हवं तर मालेगावचं घ्या. २०२४ साली तिथल्या बेरोजगार तरुणांना मार्केट कमिटीत नोकरी लावतो असं सांगून आधार-पॅन घेतले गेले, त्यावर बँकेत खाती उघडली गेली आणि त्या खात्यांतून शंभर कोटींहून जास्त रक्कम फिरली, असा आरोप झाला. प्रकरण ईडीपर्यंत गेलं. नोकरी मिळाली नाही ती नाहीच. पण ज्या खात्यात पहिला पगार यायचा, त्यात कोटीच्या उड्या पडल्या.

मग एक दिवस फोन येतो. 'हैदराबाद सायबर पोलीस बोलतोय. तुमच्या आधारवर घेतलेल्या सिमवरून फसवणूक झाली आहे.' इथे तुम्ही एक सुजाण नागरिक म्हणून वागायचं आहे. 'डिजिटल अटक' नावाचं काही नसतं, हे २७ ऑक्टोबर २०२४च्या 'मन की बात'मध्ये खुद्द पंतप्रधानांनी सांगितलं. पोलीस व्हिडिओ कॉलवर चौकशी करत नाहीत, हे कॉलर ट्यूनने तुमच्या कानात घातलेलं आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर हजेरीची नोटीस बजावू नका, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५मध्ये पोलिसांनाच सुनावलं. तेव्हा 'चल, भामट्या' म्हणून फोन ठेवा आणि हा पराक्रम ऑफिसात सांगा. शंभरांतल्या बहुतेक वेळा तुमचं बरोबरच असतं. भामटे हीच गोष्ट सांगतात कारण ती खरी वाटते, आणि ती खरी वाटते कारण काहींच्या बाबतीत ती खरीच असते. ज्यांच्या नावावर खरोखर सिम निघालंय, त्यांना खऱ्या पोलिसाचा फोनही त्याच शब्दांत येतो. तुम्ही तो कापता. तिकडे वहीत लिहिलं जातं: आरोपी सहकार्य करत नाही.

खात्याचं काय झालं ते एटीएमवर कळतं. फसलेल्या माणसाने १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार केली की पोलीस पैशाची वाट धरून खाती गोठवत जातात, आणि ती वाट तुमच्या नावापाशी आली की तुमचं पगाराचं खातंही सुटेल याची खात्री नाही. शाखेत गेलात तर साहेब स्क्रीनकडे बघत सांगतात, 'लीन लावलंय, म्हणजे पैसे अडवलेत. वरून आलंय.' वर म्हणजे कुठे, हे विचारू नका. त्यांनाही तेवढंच दिसतं.

आता पोलीस ठाणे. इथले संवाद पाठ करून जा, वेळ वाचेल.

'हे आधार तुमचं?'

'हो.'

'फोटो तुमचाच ना?'

'हो, पण साहेब…'

'मग?'

या 'मग?'वर भल्याभल्यांची वाचा बसते. सिम विकलं त्या दिवशीचं दुकानातलं सीसीटीव्ही केव्हाच पुसलं गेलेलं. खातं उघडायला कोण आलं होतं ते शाखेत कुणाला आठवत नाही. फॉर्मवरची सही तुमच्या सहीसारखी नाही, पण तुमच्या स्वतःच्या दोन सह्या तरी कुठे सारख्या येतात? माझी ओळख चोरली, माझी तक्रार घ्या, असं तुम्ही म्हणालात तर विचारतील, चोरी कुठे झाली? ते तुम्हाला सांगता येत नाही. मग हद्द ठरत नाही. हद्द ठरत नाही म्हणून गुन्हा नोंदवता येत नाही. कायद्याप्रमाणे हद्द कुठलीही असली तरी तक्रार घ्यावी लागते, हे बोलून दाखवायचं असेल तर खुशाल दाखवा, समोर बाकडं आहे.

आपल्याकडचीच यंत्रणा अशी, असं वाटून वाईट वाटून घेऊ नका. लॉस एंजेलिसमध्ये २०१९ साली एक गृहस्थ बँकेत गेले. आपल्या नावावर कुणीतरी कर्जं काढलीत, खाती बंद करा, म्हणाले. बँकेने त्यांना सुरक्षेचे प्रश्न विचारले, त्यांना उत्तरं आली नाहीत. बँकेने खात्याच्या नोंदीतल्या माणसाला फोन लावला, त्याने धडाधड बरोबर उत्तरं दिली. साहजिकच पोलिसांनी प्रश्न न आलेल्याला, म्हणजे ज्याचं नाव होतं त्याला, पकडलं. तो कोर्टातही आपलं नाव सांगतच राहिला, तेव्हा त्याच्या डोक्याची तपासणी करायचं ठरलं. ४२८ दिवस तुरुंग, १४७ दिवस मनोरुग्णालय. सुटताना कोर्टाने बजावलं की यापुढे फक्त 'खरं' नाव वापरायचं, म्हणजे तोतयाचं मूळचं. तोतया तीसेक वर्षं याच्या नावाने जगत होता, आयोवातल्या एका विद्यापीठाच्या रुग्णालयात, संगणक विभागात चांगल्या पगारावर होता, कर भरत होता. शेवटी त्या विद्यापीठाच्या पोलीस खात्यातल्या एका डिटेक्टिव्हने खऱ्याचा डीएनए त्याच्या वडिलांशी जुळवून पाहिला, तेव्हा २०२३मध्ये तोतयाने कबुली दिली. एकाच्या शंकेवर हे सगळं सुटलं. आधीच्या सगळ्यांकडे कागद होते आणि ते कागद बरोबर होते.

समजा, तुम्हालाही असा एखादा अधिकारी भेटला आणि हा माणूस तो नाही, असं त्याला पटलं. नाव दोषारोपपत्रातून वगळलं जाईल. एफआयआरमधून जाणार नाही. एफआयआर पोलिसांच्या संकेतस्थळावर चोवीस तासांत चढवा, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१६चा आदेश आहे, हेतू अगदी चांगला. तुमचा काही संबंध नव्हता, हे चढवायला अशी कुठलीही मुदत नाही. नाव पुसून हवं असेल तर उच्च न्यायालय, तेही जिथे गुन्हा दाखल झाला त्या राज्याचं. वकील तिथला, तारीख तिथली, रेल्वेचं आरक्षण तुमचं.

मिळवलेलं हे नाव कामी येतं ते पुढे. पासपोर्टची पडताळणी, भाडेकरूची नोंद, मुलाच्या कंपनीतली 'बॅकग्राउंड चेक'वाली मंडळी. सरकारी नोकरीच्या साक्षांकन नमुन्यात तर थेट प्रश्न असतो: तुमच्यावर कधी गुन्हा दाखल झाला आहे काय? 'नाही' लिहिलंत तर माहिती दडवली म्हणून नियुक्ती जाऊ शकते. 'होय' लिहिलंत तर प्रामाणिकपणाचं कौतुक होईल, पण नेमायचं की नाही हा अधिकार नोकरी देणाऱ्याकडे राहतो. २०१६च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तेही स्पष्ट केलंय. चौकटीत 'होय, पण तो मी नव्हतो' लिहायला जागा नसते. फार तर दोन सेंटिमीटर.

चोराची चिंता करू नका, कायद्याने त्याचीही नीट व्यवस्था लावली आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६क कलमाखाली, म्हणजे इंग्रजी सी, ओळख चोरणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. गुन्हा जामीनपात्र. तपास निरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा, आणि ठाण्यात निरीक्षकाकडे बंदोबस्त, मोर्चे, गणपती, निवडणुका असं किरकोळ काम असतंच. नवा डेटा संरक्षण कायदा २०२३चा. तुमची माहिती सांभाळू न शकलेल्या कंपनीला अडीचशे कोटींपर्यंत दंड लावण्याची त्यात सोय आहे, आणि तो दंड जातो भारताच्या संचित निधीत. तुमच्या हातात काही पडत नाही. नागरिकालाही कर्तव्यं नेमून दिलीत: दुसऱ्याचं सोंग घेऊ नये, खोट्या तक्रारी करू नयेत. मोडलीत तर दहा हजारांपर्यंत दंड. हा कायदा करणाऱ्यांना आपला स्वभाव चांगला ठाऊक असावा.

ज्यांना एवढं वाचूनही निर्दोषच राहायचंय, त्यांना आम्ही काय म्हणणार. पण खालच्या गोष्टी चुकूनही करू नका, सगळी मेहनत वाया जाईल. 'संचार साथी' या सरकारी संकेतस्थळावर जाऊन आपल्या नावावर किती नंबर आहेत ते बघू नका, आणि अनोळखी दिसला तर 'हा माझा नंबर नाही'वर बोट ठेवू नका. आधारचे बोटांचे ठसे अ‍ॅपवरून कुलूपबंद करू नका. जीएसटीच्या संकेतस्थळावर आपला पॅन टाकून आपण किती फर्मचे मालक आहोत ते शोधू नका. वर्षातून एकदा फुकट मिळणारा क्रेडिट रिपोर्ट मागवू नका. गैरवापराचा वास आला तर दुसऱ्याची तक्रार तुमच्यावर येण्याआधी स्वतःची तक्रार नोंदवू नका. ऑनलाइन दिलीत तर तीन दिवसांत ठाण्यात जाऊन तिच्यावर सही करू नका. आणि गेलातच, तर पोच मागू नका. साहेब म्हणतात, 'अहो, घेतली ना तक्रार, विश्वास नाही का आमच्यावर?' 'आहे ना' म्हणा, आणि घरी या.