फराळाला राजकारण नको म्हणतात, पण

२०२५ ची दिवाळी. न्यू जर्सीत गव्हर्नरपदाची निवडणूक तोंडावर आहे: डेमोक्रॅट मायकी शेरिल विरुद्ध रिपब्लिकन जॅक चिटारेली. आज इथं न्यू जर्सीतल्या एडिसनला एका मित्राकडे फराळ होता. चिवड्याची वाटी हातात घेऊन एक गृहस्थ म्हणाले, "ती शेरिल ना? कॉपी करून पास झालेली!" सगळे हसले. घरी येऊन मी भांडी आपटली आणि आता लिहायला बसलेय.

शेरिल शिकत होती त्या अमेरिकी नौदलाच्या कॉलेजात, नेव्हल अकॅडमीत, १९९२ साली इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगचा पेपर फुटला होता. शंभरावर मुलं अडकली, २४ जणांना काढलं. मायकी शेरिलला काढलं नाही. डिग्री मिळाली, पण १९९४ च्या समारंभात मिरवायला मिळालं नाही. तिचं म्हणणं, वर्गातल्यांची नावं सांगितली नाहीत म्हणून.

मला लगेच आमची ताई आठवली. कराडच्या शाळेत सहामाहीचा पेपर फुटला. ताईनं तो बघितलाही नव्हता, पण कुठल्या मुलीनं फोडला ते तिला माहीत होतं. बोलली नाही. गॅदरिंगला तिचं बक्षीस दिलंच नाही. बाबा म्हणाले, "नाव सांगायला काय झालं होतं?" तर ही म्हणते, "उद्यापासून तिच्या बाकावर तुम्ही बसणार का?"

आता ताईला कुणी कॉपीबहाद्दर म्हणून दाखवा माझ्यासमोर.

हो, शेरिलनं शिस्तभंगाचे कागद उघड करावेत. मान्य. पण तिची फाइल विरोधकांच्या माणसाच्या हाती सरकारी दफ्तरातून गेली, तीही सोशल सिक्युरिटी नंबरासकट, याचं कुणालाच काही वाटत नाही?

आणि जॅक चिटारेली? २०१५ मध्ये ट्रम्पना भोंदू म्हणाले होते. ८ ऑक्टोबरच्या डिबेटमध्ये त्याच ट्रम्पना मार्क किती, तर 'ए'! पुढच्याच आठवड्यात ट्रम्पनी हडसन नदीखालून न्यूयॉर्कला जाणाऱ्या रेल्वेचा नवा गेटवे बोगदा रद्द झाल्याचं सांगून टाकलं. रोज सकाळी एडिसन स्टेशनवर गाडीची वाट बघत उभे राहणारे आपण, आपल्याला यात काहीच खटकू नये? मत बदलतं माणसाचं, बदलू दे. पण का बदललं, ते सांगा की. ताई गप्प बसली तेव्हा बक्षीस गेलं तिचं. यांना बोलणं फिरवून पक्षाचं तिकीट मिळालं. मला हा फरक फार मोठा वाटतो.

थांबा, शेरिलबाईंवरही माझा राग आहेच. त्याच डिबेटमध्ये चिटारेलींच्या जुन्या प्रकाशन कंपनीनं ओपिऑइड्सबद्दल, म्हणजे व्यसन लावणाऱ्या वेदनाशामक औषधांबद्दल, जे छापलं त्यावरून त्यांना हजारो लोकांच्या मृत्यूला जबाबदार धरलं. ओपिऑइड्सनी घरंच्या घरं गेलीत इथं. त्या मढ्यांवर डिबेट जिंकायची? ऐकताना लाज वाटली. खासदार असताना शेअर्सचे व्यवहार उशिरा कळवल्याचा दंडही भरलाय तिनं. ताईच्या शेजारी तिला बसवताना माझा हात जरा अडखळतो, खरं सांगते.

वीजबिल २०२५ च्या जूनपासून जवळजवळ वीस टक्क्यांनी चढलंय. शेरिल म्हणते आणीबाणी जाहीर करून दर गोठवीन. कसे, ते नीट कळलेलं नाही. चिटारेलींकडे सगळ्याचं उत्तर एकच: २०१८ साली आलेले डेमोक्रॅट गव्हर्नर मर्फी. आठ वर्षं डेमोक्रॅट्स बसलेत, तेव्हा त्यांचंही अगदीच खोटं नाही म्हणा.

तरी माझं मत शेरिलला. फराळाला सगळ्यात मोठ्यानं बोलणारे ते गृहस्थ ग्रीनकार्डवाले आहेत, त्यांना मतच नाही! बाकीच्यांनो, शनिवारपासून, म्हणजे २५ ऑक्टोबर २०२५ पासून, अर्ली व्होटिंग (मुख्य दिवसाआधीचं मतदान) आहे. चिटारेलींना द्यायचं तर खुशाल द्या, भांडण नाही. फक्त तो कॉपीचा फॉरवर्ड मला पाठवलात तर ब्लॉक करीन.