सामरीला हसणाऱ्यांनो

आज डोकं फिरलंय. एका फिल्म क्लबानं ‘पुराना मंदिर’ हा जुना भुताचा सिनेमा लावला होता, म्हणून अर्धी रजा टाकून गेले. दिवे बंद व्हायच्या आधीच निवेदकानं सांगून टाकलं, “इतका वाईट आहे की मजा येते, मनसोक्त हसा!” आणि लोक हसले. त्यातला राक्षस, सामरी, पहिल्यांदा दिसला तेव्हासुद्धा! मी मध्यंतरातच उठून आले.

हा सिनेमा मी पहिल्यांदा पाहिला तो जत्रेतल्या तंबूत, आत्याला चिकटून. माझी आत्या म्हणजे रात्री-अपरात्री शेतात एकटी पाण्याची दारं धरायला जाणारी बाई. त्या रात्री कॅनॉलच्या कडेनं घरी येताना तिनं माझा हात असा आवळला, की तिची बांगडी पिचली आणि काच माझ्या मनगटात घुसली. मी रडले नाही. ती बोलली नाही.

हे श्याम आणि तुलसी रामसे या दिग्दर्शक भावांनी करून दाखवलं, आणि ते कशाच्या जोरावर? 1970 साली वडिलांचा सिनेमा आपटला होता. पण पृथ्वीराज कपूर राक्षसाचा मुखवटा घालून चोरीला येतात, तेवढ्या एका सीनला पब्लिक सावरून बसतंय, हे या पोरांनी हेरलं. मग अख्खा सिनेमाच तसा का नको? 1972 चा ‘दो गज़ ज़मीन के नीचे’ असा झाला. महाबळेश्वरचं सरकारी गेस्ट हाऊस, चाळीसेक दिवस, साडेतीन लाखांच्या आसपास खर्च. लिहायला भाऊ, कॅमेऱ्यामागे भाऊ, साउंडला भाऊ. सेट परवडत नाही तर खऱ्या जुन्या वास्तू शोधा, स्टार परवडत नाही तर नवीन पोरं घ्या. सामरी झालेले अनिरुद्ध अगरवाल तर शिकलेले इंजिनिअर! त्यांच्या चेहऱ्यावर नेमका कुठून लाइट मारायचा, हे ज्याला कळतं त्याला तुम्ही अडाणी म्हणणार?

हो, त्या आंघोळीच्या सीनची काही गरज नव्हती. कॉमेडी तर बघवत नाही. मान्य. पुढे.

‘वीराना’ 1988 चा, ‘बंद दरवाज़ा’ 1990 चा, 1993 पासून टीव्हीवर झी हॉरर शो. वीस वर्षं एकच काम, तेच दार, तोच धूर, आणि दर वेळी कुठल्या तरी तालुक्यात कुणाची तरी बांगडी पिचत असणार. 2018 ला तुलसी गेले, 2019 ला श्याम. तेव्हा तरी आपण नीट दोन शब्द बोललो का?

एवढं लिहून जरा शांत झाले. ती हसणारी पोरं वाईट नव्हती हो. एसी हॉल, पार्किंगला गाडी, हातात मोबाईलचा टॉर्च.

मघाशी आत्याला फोन केला. म्हटलं, आत्या, आज लोक सामरीला हसले गं. ती जरा वेळ गप्पच. मग म्हणाली, “घरी चालत गेले का गं ते?”