मॉरोविंड: वार चुकतात ते का?
‘तलवार लागतच नाही, खेळ जुनाट झालाय’ हे मॉरोविंड या संगणक खेळावरच्या लेखातलं मत पटलं नाही. २००२च्या मॉरोविंडमध्ये वार लागणं कौशल्यावर आणि हिरव्या पट्टीवर, म्हणजे दमावर ठरतं. दम पूर्ण असेल तर वार लागण्याच्या शक्यतेच्या हिशेबातला गुणक १.२५, संपला की ०.७५. धावलं की दम संपतो; नवखे धावतच भिडतात, म्हणून चुकतात. चालत जा. वापरायच्या शस्त्राचं कौशल्य पात्र बनवताना मेजर स्किलमध्ये, म्हणजे मुख्य कौशल्यांत घ्या, ते ३०पासून सुरू होतं. मायनरमध्ये, म्हणजे दुय्यम कौशल्यांत, ठेवलंत तर १५, दोन्हींबाहेर ठेवलंत तर ५. कुठे जायचं ते दाखवणारा बाण नकाशावर नाही, गिरगावात पत्ता विचारावा तसं ‘पुलानंतर डावीकडे’ वाचत जायचं. हीच खरी मजा! मूळ खेळ घेऊन ओपनएमडब्ल्यूवर, म्हणजे हा खेळ चालवणाऱ्या मोफत नव्या इंजिनवर चालवा. लढाईच हवी असेल तर मात्र याच मालिकेतला नंतरचा खेळ, स्कायरिम घ्या.